गादी कोणाची आणि सत्ता कोणाची?

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



समितीच्या पोरांनी आम्हाला सांगितलं, "काका, या वर्षी इतिहासावर बोला." आम्ही इतिहासाचे पंडित नाही. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचं शिक्षण झालं ते मिलच्या पाळीवरून सुटल्यावर वाचनालयात. रियासतकार सरदेसायांचे खंड आम्ही डाळीच्या पोत्यांवर बसून वाचले. कळलं तेवढं घेतलं, नाही कळलं ते पुन्हा वाचलं. तेव्हा चूकभूल पदरात घ्यावी.

आज आम्ही वारसाच्या भांडणावर बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, राजे गेले, रजवाडे गेले, 1971 साली त्यांचे तनखेसुद्धा बंद झाले. मग आता हे कशाला उकरायचं? त्याचं कारण शेवटी सांगू. ते कारण आमच्या स्वतःच्या अंगाला चिकटलेलं आहे.

सुरुवात आपल्या घराजवळून करू. मोर्णेच्या काठावरचा असदगड आपण रोज पाहतो. लहानपणी आम्ही त्याच्या बुरुजावर पतंग उडवले. पण हा असद कोण, हे आम्हाला चाळिशी उलटल्यावर कळलं. असदखान म्हणजे औरंगजेबाचा वजीर. अकोला त्याच्या जहागिरीत होतं. त्याचा पोरगा झुल्फिकारखान. याच झुल्फिकारखानाने 1689 साली रायगड घेतला आणि संभाजी महाराजांची राणी येसूबाई व लहानगे शाहू यांना मोगलांच्या छावणीत नेलं. हे शाहू म्हणजे साताऱ्याचे शाहू. आपले कोल्हापूरचे राजर्षी वेगळे, त्यांच्याकडे मागाहून येऊ.

आता पाहा कसं झालं ते. शिवाजी महाराज 3 एप्रिल 1680 ला गेले. आपल्यामागे कोणी बसायचं, हे ठरलेलं नव्हतं. थोरले संभाजीराजे पन्हाळ्यावर होते. रायगडावरच्या कारभाऱ्यांनी दहा वर्षांच्या राजारामाला गादीवर बसवलं. का? लहान पोर गादीवर असलं की कारभार कारभाऱ्याचा. पण सेनापती संभाजीराजांच्या बाजूने गेले, डाव फसला, आणि 16 जानेवारी 1681 ला संभाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला.

1689 मध्ये संभाजी महाराज मारले गेले. राजाराम महाराजांनी जिंजीहून राज्य लढवलं, ते 1700 साली सिंहगडावर वारले. मग त्यांची राणी ताराबाई उभी राहिली. वय पंचविशीचं. आपल्या लहान मुलाला, दुसऱ्या शिवाजीला, तिने गादीवर बसवलं आणि सात वर्षं औरंगजेबाशी झुंज दिली. बाई मोठी हिमतीची, यात शंका नाही.

1707 मध्ये औरंगजेब अहमदनगरला मेला. त्याच्या पोरांतही गादीची लढाई जुंपली. शहजादा आझम उत्तरेकडे निघाला. त्याच्यापुढे प्रश्न होता, की आपण तिकडे भावाशी लढतो तोवर पाठीमागे मराठे स्वस्थ कसे बसतील? झुल्फिकारखानाने सल्ला दिला, की शाहूला सोडा. अठरा वर्षं कैदेत ठेवलेला राजपुत्र सोडून दिला. मात्र आई येसूबाईला ओलीस ठेवून घेतलं. ही काही दया नव्हती बाप्पा! एका घरात दोन धनी पाठवले, की घर आपोआप फुटते, हा हिशेब होता. आणि हिशेब करणारा आपल्या असदखानाचा पोरगा.

हिशेब बरोबर निघाला. शाहू नर्मदा ओलांडून आले. त्यांना पहिल्यांदा मिळणाऱ्या मोठ्या सरदारांत आपल्या वऱ्हाडाचे परसोजी भोसले होते. तिकडे ताराबाईंनी जाहीर केलं, की हा शाहू नव्हेच, हा तोतया आहे. परसोजींनी शाहूंच्या ताटात बसून जेवण केलं आणि हा खरा भोसला असल्याचं सर्वांना पटवून दिलं, अशी कथा सांगतात. कागद नाही, शिक्का नाही, ताटातला घास हाच पुरावा! 1707 च्या ऑक्टोबरात भीमेकाठी खेडला दोन्ही फौजा भिडल्या. ताराबाईंचे सेनापती धनाजी जाधव शाहूंकडे गेले. 12 जानेवारी 1708 ला शाहूंनी साताऱ्याला राज्याभिषेक करून घेतला. ताराबाई पन्हाळ्याला गेल्या. एका राज्याच्या दोन गाद्या झाल्या.

आता पुढची गोष्ट नीट ऐका, आमच्या भाषणाचं मर्म तिच्यात आहे. 1709 साली बादशहा बहादूरशहा दक्षिणेत आला होता. शाहूंचा वकील त्याच्याकडे गेला, की चौथाई-सरदेशमुखीची सनद आम्हाला द्या. त्यांच्या पाठीशी झुल्फिकारखान. ताराबाईंचा वकीलही गेला, की सनद आमची. त्यांच्या पाठीशी वजीर मुनीमखान. बादशहाने काय केलं? तुमच्यात जो जिंकेल त्याला सनद देऊ, म्हणाला. म्हणजे आधी आपसात मरा, मग उरेल त्याने आमच्या दारी यावं. ज्या बादशाहीशी पंचवीस वर्षं झुंज घेतली, तिच्याच दारात एका घरचे दोघे हात पसरून उभे!

या भांडणात शाहूंची बाजू सावरली बाळाजी विश्वनाथ नावाच्या कारकुनी पेशातल्या हुशार माणसाने. 1713 साली तो पेशवा झाला. पुढच्याच वर्षी कोल्हापूरकडे उलटापालट झाली. सवत राजसबाईने ताराबाईंना व त्यांच्या मुलाला कैदेत टाकलं आणि आपला मुलगा संभाजी गादीवर आणला. जे ताराबाईंनी मांडलं होतं तेच त्यांच्यावर उलटलं. 13 एप्रिल 1731 ला वारणेचा तह झाला आणि सातारा व कोल्हापूर ही दोन राज्यं कायमची वेगळी झाली.

शाहू महाराज 15 डिसेंबर 1749 ला वारले. मुलगा नव्हता. तेव्हा म्हाताऱ्या ताराबाईंनी सांगितलं, की माझा एक नातू लपवून वाढवला आहे. त्याला आणून 1750 च्या जानेवारीत गादीवर बसवलं. हा रामराजा. पण रामराजा आपल्या मुठीत राहत नाही, पेशव्याकडे झुकतो, असं दिसताच त्याच वर्षी नोव्हेंबरात ताराबाईंनी त्याला साताऱ्याच्या किल्ल्यात कोंडलं. आणि म्हणाल्या, हा माझा नातू नाही, तोतया आहे! 1752 मध्ये जेजुरीला देवापुढे शपथ घेऊन तेच सांगितलं.

आता गंमत पाहा. आजीच म्हणते नातू खोटा. मग पेशव्याने त्याला काढून टाकायला हवं होतं की नाही? त्याने नाही काढलं. नानासाहेब पेशव्याला राजा खरा की खोटा याच्याशी कामच नव्हतं. 1750 मध्ये सांगोल्याला झालेल्या करारात कारभार पेशव्याच्या हाती गेलेला होता. रामराजा 1777 पर्यंत साताऱ्याला नावाचा छत्रपती म्हणून राहिला. पेशव्याची वस्त्रं त्याच्याकडून यायची, हुकूम पुण्याहून सुटायचे. गादी साताऱ्याला आणि सत्ता पुण्याला.

पुढे त्या पुण्याच्या सत्तेत, विशेषतः दुसऱ्या बाजीरावाच्या काळात, आपल्या वाडवडिलांच्या वाट्याला काय आलं, ते या सभेत सांगण्याची गरज नाही. आम्ही एवढंच म्हणतो, की ती सत्ता आभाळातून पडली नाही. दोन धन्यांच्या भांडणातून ती वाट काढत आली.

असं फक्त आपल्याकडेच झालं का? नाही. आपण ज्याला बुद्धाचा देश म्हणतो त्या जपानात असंच झालं. तिथे सम्राट गादी सोडून, डोकं मुंडवून संन्यास घ्यायचे, आणि मठातून राज्य चालवायचे. शिराकावा नावाच्या सम्राटाने 1086 मध्ये ही रीत बसवली. चीवर अंगावर आलं म्हणून सत्तेची तृष्णा सुटली नाही, हे आपणही ध्यानात ठेवण्यासारखं आहे. 1272 मध्ये गो-सागा हा असाच मठवासी सम्राट वारला. त्याचे दोन पुत्र, गो-फुकाकुसा आणि कामेयामा, थोरला गादीवर बसून उतरलेला, धाकटा गादीवर बसलेला. पुढे कोणाचा वंश चालवायचा, हे त्याने स्पष्ट केलं नाही. निवाडा गेला कामाकुराच्या लष्करी सत्तेकडे, ज्यांना शोगुन म्हणतात. म्हणजे पेशव्यासारखेच, नाव सम्राटाचं आणि तलवार यांची. कामाकुराने तोडगा काढला, की एकदा या घराण्याचा, एकदा त्या घराण्याचा. ऐकायला न्याय वाटतो. पण पाळी ठरवणारा कोण? कामाकुरा! प्रत्येक वेळी दोन्ही घराण्यांचे वकील त्यांच्या दारात.

यातल्या धाकट्या घराण्याच्या गो-दाइगो सम्राटाने हे झुगारून दिलं. 1333 मध्ये कामाकुराची सत्ता पडली. पण ज्या सेनापतीच्या जोरावर ती पडली, त्या आशिकागा ताकाउजीनेच 1336 मध्ये थोरल्या घराण्याचा दुसरा सम्राट क्योतोला बसवला. गो-दाइगो दक्षिणेला योशिनोच्या डोंगरात गेला. दोन सम्राट, दोन दरबार, आणि जवळजवळ साठ वर्षं लढाया. 1392 मध्ये तिसरा शोगुन योशिमित्सु याने दक्षिणेच्या सम्राटाला वचन दिलं, की राजचिन्हं उत्तरेला द्या, पुढे पाळीपाळीने गादी मिळेल. बिचाऱ्याने चिन्हं दिली. पाळी काही आली नाही.

आणि 1911 साली जपानात शाळेच्या पुस्तकावरून वाद पेटला, की त्या दोघांतला खरा सम्राट कोणता? सरकारने ठरवलं, की दक्षिणेचा खरा. गादीवर बसलेला सम्राट मात्र उत्तरेच्या वंशातला! सहाशे वर्षांनी खरा-खोटा ठरवून काय मिळालं? लढायांत मेलेले शेतकरी काही परत आले नाहीत.

आता पुन्हा आपल्या वऱ्हाडात येऊ. परसोजींच्या घराण्यातले नागपूरकर रघुजी भोसले 1755 मध्ये वारले. जानोजी आणि मुधोजी या मुलांत सेनासाहेबसुभा या पदासाठी तंटा. पुण्याहून निवाडा झाला, की पद जानोजीला, आणि मुधोजीला चांदा व सेनाधुरंधर हा किताब. पुण्याने हा निवाडा काही फुकट केला नाही, नजराणा घेतला. 1772 मध्ये जानोजी निपुत्रिक वारले. मुधोजीचा मुलगा रघुजी याला वारस नेमायची त्यांची इच्छा होती. पण तिसरा भाऊ साबाजी उभा राहिला. पुण्यातले कारभारी कधी याच्या बाजूने, कधी त्याच्या. 1773 मध्ये या भावांच्या फौजा आपल्या अकोल्याजवळच्या कुंभारीला भिडल्या. निकाल लागला नाही. शेवटी 1775 च्या जानेवारीत नागपूरजवळ पाचगावला मुधोजीच्या गोळीने भाऊ साबाजी ठार झाला.

कुंभारीवरून आपण कितीदा गेलो असू! तिथे दोन भाऊ पदासाठी भिडले, हे आपल्याला कोणी सांगितलं? आणि त्या फौजांनी खाल्लेली ज्वारी कोणाची होती? वऱ्हाडात तेव्हा तसाही दुहेरी अंमल होता. निजामाचा माणूस यायचा आणि भोसल्यांचाही यायचा. एका शेताला वसूल करणारे दोन. त्यात धन्यांची भाऊबंदकी. फौजा आल्या की चारा, धान्य, बैल त्यांचे. आणि ओझं वाहायला, सांगावा न्यायला वेठीला धरायचा तो महार. हा आपला इतिहास. त्यात आपलं नाव नाही, पण घाम आपला आहे.

त्या घराण्याचा शेवटही ऐकून ठेवा. 1816 मध्ये दुसरे रघुजी वारले. मुलगा परसोजी आजारी व दुबळा, म्हणून चुलतभाऊ आप्पासाहेब कारभारी झाला. 1817 च्या फेब्रुवारीत परसोजी मेलेला सापडला आणि खुनाचा आळ आप्पासाहेबावर आला. सीताबर्डीची लढाई हरल्यावर 1818 मध्ये इंग्रजांनी त्याला काढलं आणि एका अज्ञान मुलाला, तिसऱ्या रघुजीला, बसवलं. तो 1853 मध्ये निपुत्रिक वारला. इंग्रज म्हणाले वारस नाही, आणि 1854 मध्ये राज्य खालसा केलं. आधी वारस फार झाले म्हणून बाहेरच्याला बोलावलं, शेवटी वारस नाही म्हणून बाहेरच्याने सगळंच घेतलं.

आता राजर्षी शाहू महाराज. ज्या कोल्हापूरच्या गादीसाठी एवढं भांडण झालं, तिच्यावर ते 1884 मध्ये दत्तक आले, कागलच्या घाटगे घराण्यातून. रक्ताचा हिशेब धरला तर त्यांचा पाळणा दुसऱ्या घरचा. पण 26 जुलै 1902 ला त्यांनी मागासलेल्यांसाठी सरकारी नोकऱ्यांत निम्म्या जागा राखल्या, 1920 मध्ये माणगाव परिषदेला येऊन तरुण बाबासाहेबांच्या पाठीवर हात ठेवला. आज ते राजर्षी आहेत ते त्यामुळे. वारसा रक्ताने येत नाही, कामाने येतो, याला दुसरा पुरावा कशाला?

आता आम्ही सांगितलं होतं ते कारण.

आमच्या मिलमध्ये एक युनियन होती. ती उभी करणारे आमचे पुढारी, त्यांना आम्ही सगळे दादा म्हणायचो. दादा होते तोवर मालक बोनसला हात लावू शकला नाही. 2008 च्या पावसाळ्यात दादा अचानक गेले. पुढे कोण, हे कधी ठरलंच नव्हतं. विचारणंसुद्धा अपशकुन वाटायचा. चौदा दिवस झाले नाहीत तोच दोन गट झाले. एक म्हणाला दादांचा पुतण्या. दुसरा म्हणाला दादांसोबत वीस वर्षं गेटवर उभा राहिलेला आमचा एक दोस्त. आम्ही पुतण्याच्या बाजूने. नातं आहे, नाव आहे, एवढाच आमचा विचार.

दिवाळीआधी दोन्ही गट बोनसची मागणी घेऊन मालकाकडे गेलो. वेगवेगळे गेलो. मालकाने चहा पाजला आणि हसून म्हणाला, "तुमच्यात खरी युनियन कोणती ते आधी ठरवा. मग बोलू." आम्ही त्या दिवशी बहादूरशहा वाचलेला नव्हता. वाचला असता, तर चहा तिथेच ठेवून सगळेच्या सगळे एकत्र परत आलो असतो!

त्या वर्षी कायद्याने द्यावाच लागतो तो 8.33 टक्के मिळाला, वर एक पैसा नाही. पुढच्या दोन वर्षांत हमालीचं काम ठेकेदाराकडे गेलं. पुतण्याला मुकादमकी मिळाली, तो गप्प झाला. निम्मे लोक घरी बसले.

आणि सर्वांत वाईट ते आम्ही केलं. गेटसभेत आम्ही आमच्या दोस्ताला मालकाचा माणूस म्हटलं. पुरावा काही नव्हता. ताराबाईंनी तोतया म्हटलं, तसंच. ते शब्द सगळ्या वस्तीत फिरले, त्याच्या पोराच्या सोयरिकीपर्यंत गेले. आम्ही ते कधी मागे घेतले नाहीत. राजेहो, आज घेतो. तो आज समोर तिसऱ्या ओळीत बसला आहे. दोस्ता, ते खोटं होतं, आणि खोटं आहे हे आम्हाला तेव्हाही माहीत होतं.

बंधूंनो, देवदत्ताने तथागताकडे मागणी केली होती, की आता तुम्ही थकलात, संघ माझ्या हाती द्या. तथागतांनी उत्तर दिलं, की सारिपुत्त आणि मोग्गल्लान यांच्याही हाती मी संघ देणार नाही. आणि महापरिनिर्वाणाच्या वेळी आनंदाला सांगितलं, की माझ्यामागे धम्म आणि विनय हाच तुमचा शास्ता. त्यांनी माणूस नेमला नाही, नियम ठेवला. म्हणून संघाचा धनी व्हायला कोणाला मोगलाकडे किंवा मालकाकडे सनद मागावी लागली नाही. मतभेद संघातही झाले, पण कौल द्यायला विनय होता.

म्हणून या विहाराच्या समितीला आमची विनंती आहे. अध्यक्ष किती वर्षांसाठी, निवड कशी, हिशेब कधी वाचायचा, हे माणसं हयात आणि गोडीत असतानाच लिहून भिंतीवर लावा. भांडण झालंच तर ते याच सतरंजीवर बसून मिटवा, दाराबाहेर नेऊ नका. दारावरचा माणूस न्याय करायला उभा नसतो, तो किल्ली मागायला उभा असतो. आणि आपल्या माणसाला तोतया म्हणण्याआधी त्याच्यासोबत एका ताटात जेवून पाहा.

आम्ही फार वेळ घेतला. सभा संपल्यावर खाली जेवणाची पंगत आहे. आमच्या दोस्ताशेजारची जागा आमच्यासाठी ठेवावी, एवढं पोरांना सांगतो आणि आमचे चार शब्द संपवतो.

जयभीम! नमो बुद्धाय!